व्यंगचित्रकार म्हणून तुम्ही सध्या काय काढत आहात आणि पूर्वी कोणते गमतीचे प्रयोग केले होते?

सध्या मी सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेवर हास्यचित्रांची मालिका करीत आहे. सात नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीपेक्षा ती पाहणाऱ्यांच्या उंचावलेल्या माना मला अधिक खुणावतात. चित्रांखाली एकही शब्द नसेल, शि. द. फडणीसांची चित्रे पाहत वाढल्यामुळे हा हट्ट माझ्यात मुरला आहे.

जुन्या प्रयोगांत अंगठ्याच्या ठशांची माणसे होती, परंतु सर्वांत जिव्हाळ्याचा प्रयोग चादरीचा. नक्षीदार चादरी विणणाऱ्या जॅकार्ड मागासाठी नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढतात. कोणता ताण्याचा (उभा) धागा उचलायचा, हे त्या चौकोनांवरून ठरते आणि त्यानुसार पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली जातात. या हिशेबात मी एका आजोबांचा चेहरा बसवू पाहिला, तेव्हा मिशीच्या वळणाच्या पायऱ्या झाल्या आणि आजोबा चक्क रागावलेले दिसू लागले. मिशीच्या दोन्ही टोकांचा एकेक चौकोन वर सरकवला आणि ते हसले! निबाने काढताना मनगट जे आपसूक करते, ते येथे मोजून करावे लागले. आजही टॅबलेटवर चेहरा काढताना मी मिशीची टोके आधी ठरवतो.