बालीच्या कुंडात आईचे पाय भाजले, आणि कंपनी सहीकडे बोट दाखवते

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. सात महिन्यांपूर्वी मी आईला (वय ६३) घेऊन मुंबईतल्या एका टूर कंपनीबरोबर बालीला गेलो. माणशी १,१८,००० रुपये भरले, प्रवास विमा त्यातच होता. चौथ्या दिवशी गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. पाणी पडतं त्या तोंडाशी पाय सोडून बसा, गुडघे मोकळे होतील, असं गाइडने ग्रुपमधल्या बायकांना सांगितलं. आई तिथे वीस-पंचवीस मिनिटं बसली. मी वरच्या कुंडात होतो. तिला काहीच जाणवलं नाही. रात्री पाय पुसताना टॉवेलला कातडी आली. तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. तिथल्या दवाखान्याचं बिल ४१,००० झालं. मुंबईत नऊ दिवस अ‍ॅडमिट होती, दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली, त्याचे २,८६,०००. विमा कंपनीने ‘पूर्वीपासूनचा आजार’ म्हणून तिथला दावा नाकारला. टूर कंपनी म्हणते, बसमध्ये तुम्ही ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा फॉर्म सही केलात, आणि गाइड बालीतल्या एजंटचा होता. आता पुढच्या सहलीचं २५,००० चं व्हाउचर देतात, पण ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असं लिहून मागतात. कुंडाजवळ इंग्रजीत इशाऱ्याची पाटी होती, ती मी पाहिली होती, हेही सांगतो. सही करू का? शिवाय बहीण डिसेंबरमध्ये सासूबाईंना घेऊन बालीलाच चालली आहे.

उत्तर : सही करू नका. व्हाउचरचा कागद जपून ठेवा आणि ‘विचार करून कळवतो’ एवढंच उत्तर द्या. ती सही झाली की ग्राहक आयोगासमोर त्यांचं पहिलं वाक्य ‘प्रकरण मिटलं होतं’ हेच असेल. मग ती सही दबावाखाली घेतली गेली, हे सिद्ध करण्यात तुमचं वर्ष जाईल.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत मला सर्वांत मोलाचा वाटला तो बुकिंगचा फॉर्म. ‘जेवणाबद्दल सूचना’ या रकान्यात तुम्ही लिहिलं आहे : ‘आईला डायबेटिस आहे, गोड नको, इन्सुलिनमुळे जेवणाची वेळ पाळावी.’ त्यावर कंपनीचा ई-मेल आहे : ‘नोंद केली आहे.’ तुमचं प्रकरण या दोन ओळींवर उभं राहतं. जेवणाच्या ताटापुरता आईंचा मधुमेह कंपनीला माहीत होता. मग त्याच बाईंना गरम पाण्याच्या तोंडाशी बसवताना ती माहिती कुठे गेली? जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात, चटका कळत नाही, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. ज्येष्ठांना गरम पाण्याच्या कुंडावर नेण्याचे पैसे घेणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या सहीला तुम्ही फार घाबरला आहात. माणूस जी जोखीम समजून-उमजून पत्करतो, तिच्यापुरतीच अशी सही चालते. पायरी निसरडी असते, हे सगळ्यांना दिसतं. पण कुंडाच्या मधल्या पाण्यापेक्षा पाणी पडतं तिथे ते बरंच जास्त गरम असू शकतं, हे आईंना कोणी सांगितलं होतं? आपल्याकडे तानसेच्या काठी अकलोलीला गेलेल्यांना ठाऊक आहे की एका कुंडात आरामात बसता येतं आणि शेजारच्यात पाय टेकवत नाही. बालीत बांजरच्या कुंडांचं पाणी साधारण ३७-३८ अंशांचं, म्हणजे अंगाच्या उबेइतकं. म्हणून तिथलं प्रत्येक पाणी तसंच असेल असं नाही. ४९ अंशांच्या पाण्यात निरोगी कातडीही पाचेक मिनिटांत भाजते. शिवाय फॉर्म इंग्रजीत आणि इंडोनेशियन भाषेत होता, आई मराठीच वाचतात, आणि सह्या चालत्या बसमध्ये घेतल्या. हे सगळं प्रतिज्ञापत्रात जसं घडलं तसं लिहा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे. ज्या निष्काळजीपणामुळे किंवा कसुरीमुळे ग्राहकाला नुकसान वा इजा होते तो, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं, दोन्ही तिच्यात येतात. तुम्ही पहिल्या भागावर भर द्या. ‘जाणूनबुजून’ सिद्ध करायला अवघड असतं आणि तुम्हाला त्याची गरज नाही.

गाइड एजंटचा होता, हा बचाव मी अनेक प्रकरणांत ऐकला आहे. तुम्ही पैसे मुंबईत भरले, पावती मुंबईच्या कंपनीची, कार्यक्रमपत्रिकेत कुंडाची भेट तिनेच छापली. तिने काम कोणाकडून करून घेतलं, हा तिचा आणि एजंटचा प्रश्न. बालीत जाऊन दावा लावण्याचा विचारही करू नका. पावतीमागे ‘वाद अमुक शहरातच’ किंवा ‘लवादाकडेच’ असं छापलं असेल, तरी कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर. लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता पाटीचं. तुम्ही ती लपवली नाहीत, हे बरं केलंत, आयोगासमोरही लपवू नका. कंपनी विचारेल, मुलगा वरच्या कुंडात काय करत होता? याचा फटका बसू शकतो, भरपाई काही प्रमाणात कमी होऊ शकते. पण पाटी एक सांगत असताना ज्याच्या हाती ग्रुप दिला तो गाइड ‘बसा, गुडघे मोकळे होतील’ म्हणत होता. त्याच्यावर विश्वास ठेवला म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत आहात, हे पत्रावरून जाणवतं. तो मनातून काढा.

विम्याचं भांडण वेगळं चालवू. भाजण्याचं कारण गरम पाणी, तो अपघात आहे. मधुमेहामुळे चटका कळला नाही आणि जखम भरायला वेळ लागला. विमा कंपनी या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पकडणार, खरा वाद तिथेच आहे. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून भाजण्याचं कारण स्पष्ट लिहिलेलं पत्र घ्या. दावा वगळण्याची अट लागू होते, हे दाखवण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रवाशाचा दावा मान्य केला. मधुमेह सांगून त्याने पॉलिसी घेतली होती आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरताच त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. जो आजार सांगितला होता आणि तो तपासून पॉलिसी दिली, त्याचंच कारण पुढे करून दावा नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

त्यामुळे विम्याच्या प्रस्तावाची, म्हणजे प्रपोजल फॉर्मची, प्रत लेखी मागा. तो बहुधा टूर कंपनीच्या काउंटरवर भरला गेला असेल. त्यात आजाराच्या रकान्यात ‘काही नाही’ असेल आणि ते तुम्ही लिहिलेलं नसेल, तर टूर कंपनीची ती दुसरी चूक ठरेल. मुंबईतल्या इस्पितळाचं बिल प्रवास विम्यात बसेलच असं नाही, बऱ्याच पॉलिसी परदेशातल्या खर्चापुरत्याच असतात. आईंचा घरचा मेडिक्लेम असेल तर आजच पॉलिसी काढून बघा.

बालीतल्या ४१,००० साठी मी विमा लोकपालाचा, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याचा, रस्ता सुचवेन. कार्यालय सांताक्रूझला आहे, फी नाही आणि तिथे वकील चालत नाही. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र द्या. पुन्हा नकार आला किंवा महिनाभर उत्तर नाही, तर लोकपालाकडे जा, मात्र एका वर्षाच्या आत. तोच विम्याचा वाद आधी ग्राहक आयोगात नेलात, तर लोकपाल तो घेणार नाहीत. म्हणून आयोगातल्या तक्रारीत फक्त टूर कंपनीला सामनेवाली करा. मुंबईचा खर्च, आईंचा त्रास आणि पुढचे उपचार तिथे मागा. एकच बिल दोन्हीकडे मागू नका.

तक्रार आई आणि तुम्ही दोघांच्या नावे करा. पैसे तुम्ही भरले, पण सेवा घेणारी व्यक्ती म्हणून त्याही ग्राहकच आहेत. मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका. सहप्रवाशांना घडलेलं आठवतंय तोवर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. आधी पंधरा दिवसांची नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने आयोगाची फी लागत नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. निकालाला मात्र कायद्यात लिहिलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

ग्रुपवर आलेला गाइडचा व्हॉइस मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. फोनमधला पुरावा आयोगासमोर ठेवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्यासोबत जोडावं लागेल. त्यातला एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

बहिणीला सांगा, सासूबाईंचे सगळे आजार विम्याच्या अर्जात स्वतःच्या हाताने लिहायचे, हप्ता वाढला तरी. पाणी ४० अंशांच्या वर असेल तर उतरायचं नाही, आणि त्याहून कमी असलं तरी दहा-पंधरा मिनिटंच. मधुमेह असलेल्याने पाणी पायाने तपासायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघायचं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर उठताना हात धरायचा, गरम पाण्यातून उभं राहताना चक्कर येते. डोकं कुणीच बुडवायचं नाही. उबदार गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूत शिरतो. हे क्वचित घडतं, पण घडलं की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि निघण्याआधी टूर कंपनीला ई-मेलने विचारायचं : कुंडाचं पाणी किती अंश, ज्येष्ठांसोबत कोण थांबणार, जवळचा दवाखाना कोणता. उत्तर फोनवर आलं, तर फोन ठेवताच तेच लिहून त्यांना पाठवायचं : ‘आत्ता आपण मला असं सांगितलंत.’