मुलीला 28 दिवसांच्या गिर्यारोहण कोर्सला पाठवावं का? घरचे म्हणतात चेहरा काळवंडेल, स्थळं बघायला अडचण येईल

पाठवा, ताई.

तुम्ही लिहिलंय की मुलगी वीस वर्षांची आहे, बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते, उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगचा फॉर्म तिने स्वतः भरला आणि बेसिक कोर्सला तिचा नंबरही लागला. सासूबाईंचं म्हणणं, मुलीच्या जातीला हे झेपत नाही. मिस्टरांचं म्हणणं, काळवंडून, हातपाय खरचटून येईल आणि पुढच्या वर्षी स्थळं बघायची आहेत.

झेपण्याबद्दल मी वाद घालणार नाही. 1984 च्या मे महिन्यात बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑलिंपिकला बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. बचेंद्री पाल याच संस्थेत शिकल्या. चाळीस वर्षांपूर्वी मिटलेला प्रश्न आहे तो. मला बोलायचंय ते चेहरा आणि स्थळ यावर.

मीही बडोद्याचीच, दांडिया बाजारातली. हाच कोर्स मी 1997 च्या मे-जूनमध्ये केला, एकविसाव्या वर्षी. हौस माझी होती, पण तयारी करून घेतली बाबांनी. ते बँकेत क्लार्क होते. डिसेंबरपासून दर रविवारी पहाटेच्या एसटीने आम्ही दोघं बडोद्याजवळच्या पावागड डोंगरावर जायचो. अर्ध्या वाटेवरच्या माचीपर्यंत गाडीने जायचं नाही, रोपवेचं नाव काढायचं नाही, पायथ्यापासून चालत. दादाच्या सॅकमध्ये आई गव्हाची पिशवी भरून द्यायची. आधी पाच किलो, मग आठ, एप्रिलपर्यंत बारा. बाबा घड्याळ बघत मागून यायचे. माचीवर चहा पिणारी माणसं विचारायची, "बेन, आमां शुं भर्युं छे?" (ताई, यात काय भरलंय?) मी दमलेली असायचे, उत्तर बाबाच द्यायचे, "घउं," म्हणजे गहू. लोक हसायचे. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. "मुलगी हिमालयात जाणार आहे," असं ते त्या अनोळखी लोकांना थांबून सांगायचे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच माणसाबद्दल लिहायचंय.

देहरादून एक्सप्रेसने हरिद्वार, तिथून बसने उत्तरकाशी. वाटेत जुनं टिहरी लागायचं, ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पहिले काही दिवस उत्तरकाशीजवळ टेखलाच्या कातळावर चढण्या-उतरण्याचा सराव. मग भुक्कीपासून चढत तेल नावाच्या कॅम्पवरून डोक्रियानी हिमनदीकडे, पाठीवर पंधरा किलोच्या वर ओझं. पावागडचा गहू तिथे कामाला आला. चांगल्या धडधाकट दिसणाऱ्या मुली पहिल्या चढावर बसल्या, मी चालत राहिले.

टेखलाला आम्हाला आधी नुसता दोर अंगाभोवती घेऊन उतरायला शिकवलं. दोर मांडीखालून, छातीवरून, खांद्यावरून पाठीमागे. शरीर हाच ब्रेक. वेग जास्त झाला की दोर तापतो. दुसऱ्या दिवशी मी कॉलर वर करायला विसरले आणि निम्म्या कातळावर मानेची उजवी बाजू चरचरली. चार बोटं लांब चट्टा उठला. उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, मलम लावलं, कॉलर स्वतःच्या हाताने वर केली आणि म्हणाले, फिर से. मी त्या दिवशी आणखी तीनदा उतरले. आयुष्यात मला स्वतःचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, मुलं झाली तेव्हाही नाही. कोर्सला ए ग्रेड मिळाली. ॲडव्हान्स कोर्सला जायचं तर ती लागते.

घरी आले तर नाक सोललेलं, ओठ फुटलेले. आत्या दुसऱ्याच दिवशी बेसन आणि साय घेऊन हजर. बारा दिवसांनी कारेलीबागेतलं स्थळ बघायला यायचं होतं. आईने मान झाकेल असा पदर घ्यायला सांगितला, पण पोह्यांच्या बश्या देताना पदर सरकला. मुलाच्या आईने विचारलं, "मानेवर भाजलंय का गं?"

मी तोंड उघडलं होतं. टेखला हा शब्द जिभेवर होता. पलीकडच्या खुर्चीवरून बाबा म्हणाले, "पुऱ्या तळताना तेल उडालं. कामाची फार घाई असते तिला."

"अगंबाई, जपावं हो," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे अगदी मायेने बघितलं.

पाच महिने ज्या माणसाने मला गहू घेऊन डोंगर चढायला लावला, रजा टाकून हरिद्वारपर्यंत सोडायला आला, त्याला क्षणात कळलं की तेलाने भाजलेली मान चालेल, दोराने भाजलेली चालणार नाही. आणि त्याचा अंदाज बरोबर होता, हेच मला अजून सहन होत नाही. त्या चट्ट्याने माझी किंमत वाढली. कामाची मुलगी.

त्याच घरात लग्न झालं. नवऱ्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं, तो म्हणाला, आईला सांगून टाक. पण सांगायचं म्हणजे बाबा व्याह्यांशी खोटं बोलले, हे सांगायचं. नाही सांगितलं. सासूबाई मनाने चांगल्या. दसऱ्याला, पाडव्याला पुऱ्या तळायला बसल्या की म्हणायच्या, "तू श्रीखंड बघ, कढईपाशी येऊ नकोस, तुला एकदा भाजलंय." चौदा वर्षं! दर सणाला ते वाक्य ऐकायचं. सर्टिफिकेट कपाटात शालूच्या खाली. ॲडव्हान्स कोर्सला जायला बेसिक कुठे केला ते घरात सांगावं लागलं असतं, म्हणून तेही गेलं.

2011 च्या पाडव्याला मी सांगितलं. सासूबाईंनी गॅस बंद केला आणि विचारलं, दोर नक्की कुठून घेतात. मी त्यांची जुनी सुती साडी पिळून अंगाभोवती घेतली आणि जिन्याच्या कठड्याला बांधून दाखवलं. त्यांनी पुन्हा करायला लावलं. रागावल्या त्या बाबांवर, माझ्यावर नाही.

बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आमचा हा वाद अजून चालू आहे. ते म्हणतात, एक वाक्य होतं ते, तुझ्या भल्यासाठी बोललो. मी म्हणते, त्या एका वाक्याने माझे 28 दिवस पुसले गेले. आजी साठीनंतर गिरनारला दत्तपादुकांपर्यंत गेली होती, दहा हजारांच्या आसपास पायऱ्या, नऊवारीत, अनवाणी. तिच्या सुजलेल्या पायांचं कौतुक बाबा आल्या-गेल्याला ऐकवायचे. देवासाठी पाय सुजले तर दाखवायचे आणि स्वतःच्या हौसेने मान भाजली तर झाकायची, हा कुठला हिशोब? त्याच गिरनारवर जानेवारीत आरोहण-अवरोहण, म्हणजे पायऱ्या चढण्या-उतरण्याची, स्पर्धा होते, त्यात पुरुष अंबाजीपर्यंत 5500 पायऱ्या चढतात आणि मुलींना 2200 पायऱ्यांवर, माळी परब या टप्प्यावरूनच माघारी वळवतात. नवससायास करणाऱ्या म्हाताऱ्या ज्या पायऱ्या ओलांडून पुढे जातात, तिथे धडधाकट खेळाडू मुलींनी थांबायचं. मला हे पटत नाही आणि कधी पटणार नाही.

म्हणून ताई, तुमच्या मिस्टरांना एवढंच विचारा: परत आल्यावर कुणी विचारलं, चेहरा असा का झाला, तर काय सांगणार? "हिमालयात होती" असं मोठ्याने सांगायची तयारी असेल तरच पाठवा. पाठवायचं आणि मग लपवायचं असेल तर मी म्हणेन, त्यापेक्षा सरळ नाही म्हणा. मुलगी भांडेल, पण निदान तिला कळेल की भांडण कुणाशी आहे. सर्टिफिकेट हॉलमध्ये लावा. ते बघून परत जाणारं स्थळ दारातूनच गेलं, तुमचे पोहे वाचले.

चेहऱ्याचं म्हणाल तर काळवंडतो, खोटं कशाला सांगू. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले 80 टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. त्यामुळे हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांनाही सनस्क्रीन लावायला सांगा, दर दोन तासांनी. गॉगल बाजूने बंद असलेलाच हवा, नाहीतर बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजतात. माझा रंग दोनेक महिन्यांत पूर्ववत झाला होता. पाळीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आईच्या मनात असतंच: उंचीवर आणि श्रमाने तारीख पुढेमागे होते, घाबरू नये. पॅड जास्तीचे द्या आणि वापरलेले खाली परत आणायला जाड पिशव्या द्या. फक्त मुलींच्या बॅचही असतात, सासूबाईंची समजूत त्याने पटत असेल तर तसं बघा.

हे आधी लिहायला हवं होतं, पण लिहिते. डोंगर जीव घेतो. ऑक्टोबर 2022 मध्ये याच संस्थेची ॲडव्हान्स कोर्सची तुकडी द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलनात सापडली, पंचविसाहून जास्त जण गेले. सविता कंसवाल तिथे प्रशिक्षक होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरं 16 दिवसांत केली होती. ती गेली तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. बेसिक कोर्स तितक्या उंच शिखरावर जात नाही, तरी भीती वाटायची असेल तर याची वाटू द्या. ही भीती खरी आहे आणि ती मुलाला पाठवणाऱ्या आईलाही तेवढीच वाटते. दम्याचा, हृदयाचा काही इतिहास असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट नुसतं सही करून आणू नका, खरंच तपासून घ्या.

बूट आत्ताच घ्या आणि रोज घालायला लावा, तिथे नवे बूट घेऊन जाणाऱ्या मुली तिसऱ्या दिवशी लंगडतात. आम्ही चौघीजणी अजून रविवारी पहाटे पावागडला जातो, पायथ्यापासून. मुलीला यायचं असेल तर इथेच मेसेज करा. सॅकमध्ये गहू भरून पाठवा, पहिल्यांदा पाचच किलो.