वडिलांच्या मणक्यातली गादी सरकली आहे, ऑपरेशन करावं का?

वडील ५८ वर्षांचे, एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलेली, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात आणि गावकरी म्हणतात माणूस खाटेला खिळेल, एवढं तुम्ही लिहिलंय. पण दुखतं कुठे, कमरेत की पायात? सगळं त्यावर आहे.

मी डॉक्टर नाही. चोपडा तालुक्यात माझी केळी आहे. कटाईच्या दिवशी घड खांद्यावर घेताना कमरेत चमक भरली. आईने उसण समजून गल्लीतल्या पायाळू माणसाला बोलावलं, त्याने कमरेवर तीनदा लाथ लावली. (हसू नका, आमच्याकडे अजून चालतं हे.) आठवडाभरात कंबर सैल झाली, पण ढुंगणापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट उतरायला लागला. खोकलो तरी डोळ्यांत पाणी.

औषधं, व्यायाम, दीड महिना वाट पाहणं हे सगळं केलं. ते करायलाच हवं, कारण अशी बहुतेक दुखणी ६ ते १२ आठवड्यांत आपोआप उतरतात. आणि नुसत्या एमआरआयला घाबरू नका, पन्नाशीनंतर कधीच कंबर न दुखलेल्या माणसाच्याही गाद्या त्यात फुगलेल्या दिसतात. माझं मात्र एक दिवस बांधावरून चालताना डावी चप्पल निसटली. चार पावलं पुढे गेल्यावर बायकोने हाक मारली, मला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी टाचांवर चालायला लावलं तर डावा पंजा वर उचलेचना. नस दबून पायातलं बळ चाललं होतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, इंचभर चिरेतून. पूर्ण गादी काढत नाहीत, नसेवर आलेला तुकडा तेवढा काढतात. दुसऱ्या दिवशी संडासला चालत गेलो. करंट शुद्धीवर आलो तेव्हाच गेलेला होता, पंजात बळ यायला मात्र चार महिने लागले. आणि कंबर? ती अजून सकाळी आखडते. हे ऑपरेशन पायासाठी असतं, कमरेसाठी नाही, हे मला आधी कोणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शंभरातल्या ५ ते १० जणांची गादी पुन्हाही सरकते.

स्क्रू-रॉड टाकून मणके जोडणं हे वेगळं आणि मोठं काम. मणकाच पुढे सरकला असेल किंवा पाठ अस्थिर असेल तर ते लागतं. तुमच्या वडिलांना यातलं नेमकं काय सांगितलंय ते विचारा, आणि स्क्रू सांगितले असतील तर दुसऱ्या डॉक्टरांनाही फाइल दाखवा.

आमच्या गावात खाटेला खिळलेला म्हणून ज्याचं उदाहरण देतात, त्याला गादीचा त्रासच नव्हता. मणक्याचा टीबी होता, संध्याकाळी ताप यायचा, वजन घटत होतं, घरचे वर्षभर शेकत बसले.

लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पाय लुळे पडायला लागले तर सकाळची एसटी बघू नका, त्याच रात्री गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्या. तसं काही नसेल तर आज त्यांना भिंतीला हात धरून टाचांवर दहा पावलं चालायला सांगा, आणि पंजा उचलतो का ते इथे कळवा.