दोनशे चाळीस ओळींची वही

“मॅडम, बाकीचे विषय ठीक आहेत हो, पण फ्रेंचचा भूतकाळ आला की हिचे हातपाय गळतात. अजून वेळ आहे तोवर विषय बदलून टाकू का?” अकरावीतल्या मुलीला घेऊन आलेल्या आईचा हा प्रश्न मला नवा नव्हता. दहावीपर्यंत संस्कृत घेतलेली अनेक मुले अकरावीला ‘गुण मिळवून देणारा विषय’ म्हणून फ्रेंच घेतात, पहिले काही महिने मजेत जातात, आणि मग ‘पासे कोंपोझे’ हा संयुक्त भूतकाळ सुरू झाला की आपल्याला भाषाच जमत नाही, अशी त्यांची खात्री होऊन बसते. (ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.)

मुलगी गप्प होती. तिने दप्तरातून तपकिरी कव्हर घातलेली वही काढून माझ्यापुढे सरकवली. वहीत चाळीस नियमित क्रियापदे होती आणि प्रत्येकाच्या तिन्ही पुरुषांतील एकवचनी-अनेकवचनी रूपांच्या सहा ओळी, म्हणजे एकूण दोनशे चाळीस ओळी, तिने सुवाच्य अक्षरात लिहून पाठ केल्या होत्या. मेहनत कमी पडत होती, असे ती वही पाहून कोणीही म्हणाले नसते.

मी महाविद्यालयात फ्रेंच शिकले होते, त्यामुळे सहज विचारले, “‘त्यांनी विकले’ हे कसे म्हणशील?” तिचे ओठ हलू लागले. ती मनातल्या मनात ‘मी’पासून सुरुवात करून ‘ते’पर्यंत येत होती. पाढा म्हणताना मधलाच आकडा विचारला की मूल पुन्हा एकपासून सुरू करते, तसेच हे होते. परीक्षेत एखादी ओळ निसटली की पुढच्या सगळ्याच का कोसळतात, हे मला तेव्हा कळले. ज्याला घरचे ‘विसराळूपणा’ म्हणत होते, त्यात स्मरणशक्तीचा दोष नव्हता. तिने डोक्यावर ओझेच भलत्या पद्धतीने रचले होते.

आम्ही वही बाजूला ठेवून कोरा कागद घेतला. संयुक्त भूतकाळाचे दोन तुकडे असतात. पहिला तुकडा म्हणजे सहायक क्रियापद, बहुतेक ठिकाणी ‘आव्ह्वार’, म्हणजे ‘जवळ असणे’, आणि त्याची वर्तमानकाळातील सहा रूपे: ए, आ, आ, आव्हों, आव्हे, ओं. दुसरा तुकडा म्हणजे धातुसाधित, म्हणजे मूळ क्रियापदापासून बनवलेले रूप. मूळ क्रियापदाच्या शेवटी ई-आर असेल तर ते काढून स्वरचिन्ह असलेला ई लावायचा; आय-आर असलेल्या ‘फिनीर’चे ‘फिनी’ होते आणि आर-ई असलेल्या ‘व्हांद्र’चे ‘व्हांद्यू’. पुरुष बदलला की पहिलाच तुकडा बदलतो, दुसरा जागचा हलत नाही. नकार द्यायचा झाला तरी ‘न’ आणि ‘पा’ हे दोन शब्द त्या पहिल्या तुकड्यालाच दोन्ही बाजूंनी धरतात: ‘ज ने पा पार्ले’, मी बोललो नाही. तिने कागदावर हिशेब केला, सहा अधिक चाळीस म्हणजे शेहेचाळीस, आणि दोनशे चाळीसच्या वहीकडे जरा रागानेच पाहिले.

मात्र तेवढ्याने काम संपले नाही. तिच्या चाचणीच्या पेपरात मी चुका मोजल्या, तेव्हा सतरापैकी अकरा एकाच जातीच्या निघाल्या. ‘ती बोलली’ या अर्थाच्या ‘एल आ पार्ले’मध्ये तिने शेवटी स्त्रीलिंगाचा एक ई जादा लावला होता, आणि समोर लाल शाईने ‘निष्काळजी’ असा शेरा होता. मला तो शेरा पटला नाही. आपण ‘तो बोलला, ती बोलली’ म्हणतो. लिंगाप्रमाणे क्रियापद बदलणे हे मराठी मुलीच्या अंगवळणीच पडलेले असते. शिवाय मूळ क्रियापद, त्याचे धातुसाधित, स्त्रीलिंगी ई लावलेले रूप आणि ‘तुम्ही बोलता’ यातले रूप या चौघांचाही उच्चार ‘पार्ले’ असाच, त्यामुळे कानाने चूक पकडण्याची सोय नाही. (“राहतो पार्ल्यात आणि हिला ‘पार्ले’ लिहिता येत नाही,” हा वडिलांचा विनोद तिला अजिबात आवडत नव्हता, आणि मी तो बंद करायला सांगितला.)

तिला एवढेच समजावले की, तुझी लिंगाची जाण खरी आहे, फक्त तिची जागा वेगळी आहे. जाणे, येणे, निघणे, पडणे अशी मोजकी क्रियापदे ‘एत्र’, म्हणजे ‘असणे’, हे सहायक घेतात. तेथे ‘एल ए ताले’, ती गेली, यात तो जादा ई हवाच. ‘आव्ह्वार’ दिसले की कर्त्याचे लिंग विसरायचे. प्रत्येक वाक्यात आधी सहायकाभोवती पेन्सिलीने चौकट काढायची आणि मगच शेवटचे अक्षर लिहायचे, अशी सवय तिने महिनाभर लावून घेतली. पेपर हातात येताच समासात ती सहा रूपे लिहून ठेवायची, हे तिचे तिनेच ठरवले. विषय बदलण्याची गोष्ट आईनेही पुन्हा काढली नाही.

पाचव्या भेटीला ती नवा पेपर घेऊन आली. अकराच्या जागी एकच चूक होती, आणि तीही उलट्या दिशेची. ‘मी शोधलेली किल्ली’ या अर्थाच्या ‘ला क्ले क जे शेर्शे’मध्ये, ‘आव्ह्वार’ आहे म्हणून, तिने ई लावलाच नव्हता. फ्रेंचमध्ये कर्म नंतर आले तर काही बदलत नाही, पण ते क्रियापदाच्या आधी आले तर धातुसाधित त्या कर्माप्रमाणे चालते, आणि किल्ली तिकडेही स्त्रीलिंगीच आहे. मी तिला ‘मी किल्ली शोधली’ हे वाक्य मोठ्याने म्हणायला लावले आणि विचारले, “शोधणारा मुलगा असता तर?”

“तरी ‘शोधली’च,” ती म्हणाली. मग थांबून, पेपरकडे पाहत, “म्हणजे इथे मी मराठीतच विचार करायला हवा होता?”

मी मान डोलावली. तिने पेन्सिल घेतली आणि राहिलेला ई जागेवर लिहिला.