वाचकांचे प्रश्न : एमसीबी सारखा पडतोय, 32 चा टाकू का?

प्रश्न : दादा, आमचा फ्लॅट जुना आहे, बेडरूमला दीड टनाचा एसी बसवला तेव्हा वायरमनने बाथरूमच्या गिझरच्याच लाइनवरून कनेक्शन दिलं. आता सकाळी एसी चालू असताना गिझर लावला की थोड्या वेळाने 16 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतो. तो म्हणतो 32 चा टाकून देतो, कटकट संपेल. टाकू का? (डोंबिवली)

उत्तर : अजिबात नको, आणि त्या वायरमनला परत बोलवू पण नका. गिझर 3 किलोवॅटचा, म्हणजे इन्स्टंटवाला असेल तर 3000 भागिले 230, साधारण 13 अँपिअर, त्यात एसीचे सात-आठ धरा, झाले वीसच्या वर. आता लगेच न पडता थोड्या वेळाने पडतो ना, यावरून कळतं की शॉर्ट बिर्ट काही नाहीये, ओव्हरलोड आहे. एमसीबीत एक पट्टी असते ती जास्त करंटने तापून वाकते आणि खटका पाडते, शॉर्ट असता तर त्यातल्या कॉइलने तो त्याच क्षणी पाडला असता. म्हणजे तुमचा एमसीबी बिघडलेला नाही, त्याचं काम चोख करतोय, आणि ते काम म्हणजे भिंतीतली वायर वाचवणं, एसी वाचवणं नव्हे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पाइपातली वायर फार तर अडीच स्क्वेअर एमएमची असणार, तिला 32 झेपत नाहीत. करंट दीडपट झाला की वायरमधली उष्णता सव्वादोन पट होते, आणि 32 चा एमसीबी हे सगळं गप बघत बसणार, कारण त्याच्या हिशोबाने अजून काही झालेलंच नाही. इन्सुलेशन आतल्या आत कडक होऊन तडकतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

डीबीपासून, म्हणजे एमसीबींच्या बोर्डापासून, एसीला वेगळी लाइन ओढा, तांब्याची 4 स्क्वेअर एमएम, सोबत अर्थची वायर, आणि 20 चा सी टाइप एमसीबी, म्हणजे एसी सुरू होतानाचा क्षणभराचा जादा करंट सहन करणारा. गिझर राहू दे जुन्या लाइनवर एकटा. बिलावरचा मंजूर भार पुरतो का ते पण बघून घ्या. आणि हो, आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर 30 मिलीअँपिअरचा बसवून घ्या, गिझरची कॉइल फुटून पाण्यात करंट उतरला तर एमसीबी काही करत नाही, तिथे हाच लागतो. प्लग काढून बघा एकदा, पिन काळपट किंवा सॉकेट पिवळं पडलं असेल तर ते पण बदला.

प्रश्न : आमच्याकडे थ्री फेज मीटर आहे. परवा अचानक हॉलचे दिवे भगभगले, फॅन जोरात, टीव्ही गेला, आणि किचनचे दिवे मात्र मंद. एसीमुळे 415 व्होल्ट आले का घरात? (सातारा)

उत्तर : एसीचा काही संबंध नाही, घरातला एसी 230 वरच चालतो. 415 असतात दोन फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या तारांच्या मध्ये, फेज आणि न्यूट्रल म्हणजे परतीची तार यांच्यामध्ये 230. तुमचा न्यूट्रल कुठेतरी सुटलाय किंवा ढिला झालाय. तो गेला की हॉल आणि किचन वेगवेगळ्या फेजवर असल्याने 415 च्या मध्ये एकापाठोपाठ जोडल्यासारखे होतात, मग ज्या बाजूला लोड कमी तिकडे व्होल्टेज चढतं. मेन स्विच बंद ठेवा, महावितरणला कळवा, तोवर फ्रिज पण लावू नका.

प्रश्न : न्यू जर्सीत राहते. कपडे वाळवायच्या ड्रायरच्या 240 व्होल्टच्या सॉकेटवर भारतातून आणलेला मिक्सर लावला तर चालेल का?

उत्तर : नको ताई. तिथल्या 240 मध्ये दोन्ही तारा लाइव्ह, म्हणजे करंटच्या, प्रत्येकी 120, आपल्यासारखा एक न्यूट्रल नाही, त्यामुळे मिक्सरचं बटण बंद असलं तरी आतला भाग लाइव्ह राहू शकतो. त्यात ड्रायरचा ब्रेकर 30 अँपिअरचा, मिक्सरची बारीक वायर जळून जाईल तरी तो पडायचा नाही. तिथेच 120 चा मिक्सर घ्या, चटणीची भांडी नीट बघून घ्या फक्त.