दुःखात असलेल्या मैत्रिणीला ‘आनंद करा’ असे सांगावे का?

प्रश्न : पाळकसाहेब, सप्रेम जय ख्रिस्त. आमच्या मंडळीतील माझ्या एका जुन्या मैत्रिणीच्या पतीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून गेल्या पावसाळ्यापासून त्यांना आठवड्यातून 3 वेळा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते. महिला मंडळाच्या वतीने मी तिला भेटायला गेले, फिलिप्पैकरांस पत्रातील ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन वाचले, प्रार्थना केली आणि ‘यात परमेश्वराची काहीतरी योजना असेल’ असे म्हणून तिला धीर दिला. ती काहीच बोलली नाही. तेव्हापासून ती उपासनेला येत नाही आणि माझा फोनही घेत नाही. मी तर देवाचे वचनच सांगितले होते. मग माझे चुकले कोठे? आणखी एक विचारायचे आहे. याच महिन्यात माझ्या मुलीला परिचारिकेची नोकरी लागली. तो आनंद मी मैत्रिणीपासून लपवावा का?

उत्तर : प्रिय भगिनी, आपण वाचलेले वचन खरे आहे आणि आपला हेतूही प्रेमाचाच होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही ते वचन कोणी, कोठून आणि कोणाला लिहिले हे आपण दोघांनी मिळून पुन्हा पाहावे असे मला वाटते, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तेथेच आहे.

ते पत्र प्रेषित पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला बंदिवासातून लिहिले. त्या काळच्या रोमी बंदिवासात कैद्याच्या अन्नवस्त्राची काळजी बहुतेक वेळा त्याच्या आप्तेष्टांनाच घ्यावी लागे. बाहेरून कोणी काही आणले नाही तर त्याची उपासमार होई. मासेदोनियातील फिलिप्पै येथील मंडळीने हे ओळखून एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हाती मदत पाठवली, आणि पौलाची सेवा करता करता तो माणूस स्वतःच मरणाच्या दारी जाऊन परतला. ‘आनंद करा’ असे लिहिणारा मनुष्य बेड्यांत होता, ज्यांना तो लिहीत होता त्यांनी त्याच्यासाठी पदरमोड केली होती, आणि एपफ्रदीत दगावला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते हे त्याच पत्रात लिहिताना त्याने संकोच केला नाही. आपले अश्रूही त्याने त्या पत्रात लपवलेले नाहीत. इतक्या मोठ्या नात्याच्या आणि सोसण्याच्या पाठबळावर उभे असलेले ते वाक्य आपण एका दुपारी, चहाचा कप हातात असताना, एका थकलेल्या स्त्रीपुढे एकटेच उचलून ठेवले. तिला त्यात आज्ञा तेवढी ऐकू आली असेल, आणि ती आज्ञा पाळणे आपल्याला जमत नाही म्हणजे आपला विश्वासच कमी पडतो, असेही कदाचित वाटले असेल.

याच फिलिप्पै नगरात पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या बंदिखान्यात टाकले होते आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते. मध्यरात्रीच्या सुमारास ते दोघे प्रार्थना करून स्तोत्रे गात होते आणि इतर कैदी ऐकत होते, असे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिले आहे. त्यांनी शेजारच्या कोठडीतल्या कोणालाही ‘तूही गा’ असे सांगितल्याचे तेथे आढळत नाही. ख्रिस्ती आनंदाने दुसऱ्याला धीर मिळतो तो बहुधा असाच मिळतो. ज्याच्या पाठीवर स्वतःचे वळ आहेत त्याचे गाणे अंधारातून दुसऱ्याच्या कानावर पडते. दुसऱ्याच्या गळ्यातून ते बळेच काढता येत नाही.

आपल्या मराठी शास्त्रात पौलाचा सोबती बर्णबा याला ‘बोधपुत्र’ म्हटले आहे. मला या शब्दाविषयी नेहमी थोडी हुरहूर वाटते, कारण ‘बोध’ म्हटले की आपल्या कानांना उपदेशच ऐकू येतो. मूळ ग्रीक शब्दात मात्र बोधाबरोबर धीर आणि सांत्वन हे अर्थही आहेत, आणि ज्याला आपण ‘कैवारी’ म्हणतो त्या पवित्र आत्म्याचे नावही त्याच धातूपासून आले आहे : जवळ बोलावलेला, बाजूला येऊन उभा राहणारा. बर्णबाने केले काय, तेही पाहा. त्याने आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले. शौलाचा, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या मनुष्याचा, पालट झाल्यावर यरुशलेमेतील शिष्य त्याला भीत होते, तेव्हा बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले. पुढे त्याला शोधायला तो तार्सापर्यंत गेला. एकदा साथ सोडून गेलेल्या मार्कालाही त्यानेच पुन्हा बरोबर घेतले. त्याचे एकही प्रवचन सविस्तर नोंदलेले नाही, तरीही धीर देणारा म्हणून मंडळीने त्यालाच ओळखले.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे जीवन मला या बाबतीत वारंवार आठवते. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने खंगून गेले आणि तरुण रमाबाईंनी भावाबरोबर उपाशीपोटी शेकडो मैलांची पायपीट केली. सुमारे वीस वर्षांनी, 1896-97 च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना व विधवांना घेऊन आल्या; त्यांतूनच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. ज्या सांत्वनाने आपले सांत्वन झाले त्याच सांत्वनाने दुसऱ्याचे करावे, असे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी आहे, त्याचा अर्थ त्या मुलींना आधी अन्नातून कळला. 1921 साली रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, आणि त्यानंतरही 1922 च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे स्वतःच्या अंतापर्यंत, त्या शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात गढलेल्या होत्या. हे बळ अश्रूंवाचून आले असेल असे मला वाटत नाही.

‘योजना असेल’ हे वाक्य मात्र आपण मागे घ्यावे, असे मी स्पष्टच सांगतो. मेलेल्या लाजराला आपण काही क्षणांत उठवणार आहोत हे प्रभू येशूला ठाऊक होते, तरी लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तो रडला. पुढचे काहीही ठाऊक नसताना आपण त्याच्याहून लवकर डोळे पुसू नयेत.

आता काय करावे? तिच्याकडे पुन्हा जा आणि ‘त्या दिवशी मी घाई केली’ एवढेच म्हणा. डायलिसिसला एका वेळी साधारण 4 तास लागतात. आठवड्यातल्या 3 वाऱ्यांपैकी एका वारीला आपण किंवा मंडळातील कोणी सोबत गेलात तर तिला एक दिवस घरी झोपता येईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे झाली आहेत का, ते विचारा. नसल्यास रुग्णालयात या योजनेसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला भेटण्यासाठी तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहा. आजाऱ्याला भेटताना आपण शहाळे किंवा केळी नेतो, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्यांतील पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते, म्हणून विचारल्याशिवाय खाण्यापिण्याचे काही नेऊ नका. वचनाच्या बाबतीतही आधी असेच विचारावे : ‘आज काही वाचू का, की नुसती बसू?’ ती म्हणाली की नुसती बस, तर बसा. माझी पत्नी निवर्तली तेव्हा मंडळीतील एक वृद्ध सभासद दीड महिना रोज पहाटे येऊन आमचे पाणी भरून देत आणि निरोप न घेता जात. त्या दिवसांत मला झालेली सर्व प्रवचने मी विसरलो आहे, त्या बादलीचा आवाज विसरलेलो नाही.

मुलीच्या नोकरीची गोष्ट लपवू नका. दुसऱ्याकडून कळली तर तिला आपण परके झालो असे वाटेल. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करण्याचा अधिकार दुःखी माणसालाही आहे, आणि तो आपण त्याच्या वतीने काढून घेऊ नये. मात्र तिच्या घरचे सगळे ऐकून झाल्यावर, साध्या दोन वाक्यांत सांगा. कदाचित आपल्या मुलीकडूनच तिला रुग्णाच्या पाण्याचे प्रमाण, हाताच्या फिस्टुलाची (डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीची) काळजी यांविषयी पुष्कळ मदत होईल.

ती उपासनेला केव्हा येईल, हे तिला इतक्यात विचारू नका. तिला गावेसे वाटत नसेल तर स्तोत्रसंहितेत 88 वे स्तोत्रही आहे. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे, हे तिने विचारले तर सांगा. आणि एखाद्या दिवशी डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिने आपणहून एखादे जुने गीत गुणगुणायला सुरुवात केली, तर दुसऱ्या ओळीपासून हळूच तिच्या सुरात सूर मिळवा.