चित्रपट ‘असमान’ असतो का?

प्रश्न असा आला आहे: चार दिग्दर्शकांच्या चार कथा एकत्र बांधलेल्या सिनेमात काही कथा चांगल्या, काही कच्च्या निघाल्या, तर त्याला इंग्रजी समीक्षक ‘अनईव्हन’ म्हणतात. मराठी परीक्षणात त्यासाठी ‘चित्रपट असमान आहे’ असं वाचलं, ते बरोबर आहे का?

मला तरी खटकतं. ‘असमान’ म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कशाशी? हा शब्द वाटपाला लागतो, वेतनाला लागतो, लढतीला लागतो. एकट्या सिनेमाला चिकटत नाही. ‘विषम’ची तीच गत. आणि ‘उंचसखल’ म्हणालात तर सिनेमा नांगरायला घ्यावा लागेल.

मुळात असं काही सांगायचं तर आपण विशेषण शोधतच नाही, क्रियापदावर भागवतो. ‘दोन गोष्टी जमल्यात, एक बरी उतरलीय, चौथी पार फसलीय.’ जमणं, उतरणं, रंगणं, फसणं. तक्रार सबंध सिनेमावर जात नाही, त्या त्या गोष्टीवर बसते, आणि कुणाचं काय बिघडलं तेही कळतं.

एकच शब्द हवा असेल तर ‘डावंउजवं’. २०१५चा ‘बायोस्कोप’ घ्या. गजेंद्र अहिरे, विजू माने, गिरीश मोहिते आणि रवी जाधव, चौघांनी एकेका कवितेवरून एकेक लघुपट केला. ‘चारांत डावंउजवं आहे’ म्हटलं की काम झालं. त्यात जाधवांचा ‘मित्रा’ उजवा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नसता तरी मी हेच म्हटलं असतं. गंमत बघा, ‘उजवा’ असा एकटा चालतो, ‘डावा’ नाही. ‘बाकीचे तिघे डावे’ म्हणालात तर ते थेट राजकारणात जातील. ‘डावंउजवं करणं’ही निराळं, तो पंगतीतल्या वाढप्याचा भेदभाव.

एक मात्र आहे, डावंउजवं म्हणजे थोडाच फरक. १९८९च्या ‘न्यूयॉर्क स्टोरीज’मध्ये स्कॉर्सेसी, कपोला आणि वुडी ॲलन असे तीन दिग्गज होते, पण कपोलांचा भाग इतका मागे राहतो की तिथे डावंउजवं म्हणणं निव्वळ भिडेखातर होईल. ‘कपोलांचा भाग पडलाय’ हेच खरं.

‘हाताची पाची बोटं सारखी नसतात’ ही म्हण अशा वेळी कुणीतरी हमखास काढतं. ती सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’ला (१९६१) लावा, कथा तीन असल्या तरी हात एकच. चार दिग्दर्शक म्हणजे हातच चार, बोटांचं काय घेऊन बसलात! त्यांच्यात काहीच समान धागा नसेल तर ‘आवळ्याची मोट’ म्हणावं. ‘बायोस्कोप’ला तेही नको, तिथे मोट बांधायला कवितेची दोरी आहे.